लाकडाचा वास आणि लावणाऱ्याचा स्वभाव

सहाणेवर चार थेंब पाणी टाकून चंदनाचं खोड फिरवायला लागलं की पहिल्या काही फेऱ्यांत जवळजवळ काहीच वास येत नाही. ओल्या दगडाचा येतो, तेवढाच. मग पाणी दुधाळ होतं, हळूहळू घट्ट व्हायला लागतं, मनगट भरून येतं, आणि केव्हातरी लक्षात येतं की खोलीभर वास झालाय. तो नेमका कधी आला ते कळलेलं नसतं. माझी आजी रोज सकाळी पूजेआधी गंध उगाळायची. देवांना लावून झालं की बोटाला उरलेलं ती मनगटाला पुसायची. दुपारी तिच्या कुशीत झोपायला गेलं की गंध वाळून कधीच झडलेलं असायचं, वास मात्र तिथेच असायचा.

मागच्या वर्षी मॉलमधल्या एका दुकानात मी वाळ्याच्या वासाचा परफ्यूम मागितला. काउंटरवरचा मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, हा वुडी आहे. जेन्ट्सचा. स्ट्राँग, मॅच्युअर पर्सनॅलिटीला सूट होतो. तुम्हाला फ्लोरलमध्ये काही दाखवू का?" त्याला जे शिकवलं होतं ते तो मनापासून सांगत होता. पण घरी येईपर्यंत ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. वुडी म्हणजे नक्की काय? तो पुरुषांचाच, हे कोणी ठरवलं? आणि लावलेल्या वासावरून माणसाचा स्वभाव कळतो, हे खरं आहे का? या शेवटच्या प्रश्नावर शास्त्रज्ञांनी बरंच काम केलेलं आहे. त्याचं उत्तर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यात संपत नाही, म्हणून जरा सावकाश बघू या.

लाकूड, मूळ, पान आणि बुरशी

परफ्यूमच्या धंद्यात 'वुडी' हे एका मोठ्या कुटुंबाचं नाव आहे. चंदन, सीडर, वाळा, ऊद म्हणजे अगरु, आणि पॅचुली ही त्यातली ठळक मंडळी. आता यांच्याकडे नीट बघा. वाळा हे गवताचं मूळ. पॅचुली हे पान. ऊद लाकडातून मिळतो खरा, पण त्याचा वास मुळात त्या लाकडाचा नसतो. अ‍ॅक्विलेरिया जातीच्या झाडाला इजा होते, तिथे बुरशी शिरते, आणि तिला अडवायला झाड एक गडद राळ तयार करतं. त्या राळेने भरलेलं लाकूड म्हणजे ऊद. निरोगी झाडाचं लाकूड फिकट आणि जवळजवळ बिनवासाचं असतं. आसाममध्ये ही झाडं पिढ्यान्‌पिढ्या घराभोवती लावतात. रानातली झाडं इतकी तोडली गेली की १९९५ पासून आसाममध्ये वाढणाऱ्या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स कराराचं, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचं, नियंत्रण आहे.

म्हणजे वुडी हे झाडाच्या भागाचं नाव नाही, वासाच्या जातीचं आहे. कोरडा, उबदार, थोडा मातकट, कधी धुरकट, कधी सायीसारखा मऊ. फुलांचा गोडवा आणि लिंबाचा चटका नसलेला.

यातलं चंदन आपल्या सगळ्यांत ओळखीचं, पण त्याच्या झाडाबद्दल आपल्याला फार कमी माहिती असते. उभ्या झाडाचं पान चुरडून बघा, साल खरवडून बघा, चंदनाचा वास येत नाही. बाहेरच्या पांढऱ्या लाकडालाही तो नसतो. वास असतो आतल्या पिवळसर-तपकिरी गाभ्यात, आणि हा गाभा झाड साधारण दहा वर्षांचं झाल्यावर धरायला लागतो. चांगलं तेल निघायला पंचवीस-तीस वर्षं वाट बघावी लागते. तेल सगळ्यांत जास्त मुळांमध्ये असतं, म्हणून चंदन बुंध्याशी तोडत नाहीत, मुळासकट उपटतात. शिवाय हे झाड अर्धं परजीवी आहे. त्याची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळाला चिकटतात आणि तिथून पाणी आणि क्षार ओढून घेतात. म्हणून रोपाशेजारी तूर लावतात, आणि पुढच्या आयुष्यासाठी जवळ एखादं मोठं, टिकणारं झाड.

टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवलं, आणि पुढे दोनशे वर्षं दक्षिणेत चंदन सरकारी मालकीचंच राहिलं, मग ते तुमच्या परसात का उगवेना. कर्नाटकाने २००१ मध्ये आणि तामिळनाडूने २००२ मध्ये कायदा बदलला तेव्हा जमीनमालकाला त्याच्या झाडाची मालकी मिळाली. आपल्याकडेही शेतकरी आता चंदन लावतात, पण ते राखणं अवघड. पुण्यात भरवस्तीतल्या बंगल्यांच्या आणि संस्थांच्या आवारातून रातोरात चंदन कापून नेल्याच्या बातम्या इतक्या नेहमीच्या झाल्यात की वाचणारा पान उलटतो. मला ते वाचून दरवेळी वाईट वाटतं. तीस वर्षं अंधारात साठत गेलेली एक गोष्ट करवतीने एका रात्रीत जाते.

आणि झाड ती साठवतं कशाला? आपल्यासाठी नक्कीच नाही. खोडाचा गाभा हा मेलेल्या पेशींचा असतो. त्याला जखम भरता येत नाही, वाळवीशी किंवा बुरशीशी झुंजता येत नाही. म्हणून झाड आधीच त्यात तेलं आणि राळ भरून ठेवतं, कीड लागू नये म्हणून. आमच्या घरी शालूच्या घडीत वाळ्याची बारकी जुडी असायची. झाडा-गवताचा तो जुना बंदोबस्त आम्ही कपाटासाठी उसना घेतला होता, एवढंच.

वाळ्याबद्दल मात्र मला थांबावंसं वाटतं. फ्रेंच आणि इंग्रजीत त्याला जे 'व्हेटिव्हर' म्हणतात ते मूळचं तमिळ 'वेट्टिवेर', खणून काढलेलं मूळ. त्याचा वास आपण नाकाने जितका घेतला असेल तितकाच जिभेने घेतलाय, कारण उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी टाकलेली असते. उत्तर प्रदेशात कनौजला तांब्याच्या मोठ्या देगेत ही मुळं उकळतात, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती थंड होऊन जमते त्या भांड्यात, उतरवतात, आणि हिरवट, दाट 'रूह खस' काढतात. जगभरच्या परफ्यूममध्ये वापरलं जाणारं वाळ्याचं तेल आज मोठ्या प्रमाणावर हैतीतून येतं. मूळ गवत आपल्याकडचं, पण तिथल्या मातीत त्याचा वास थोडा स्वच्छ आणि कडवट होतो.

सीडरचं थोडक्यात सांगते. आपला देवदार हा खरा सीडर. मोरोक्कोच्या अ‍ॅटलास डोंगरातला दुसरा खरा सीडर. व्हर्जिनिया सीडर या नावाने जो ओळखला जातो तो वनस्पतिशास्त्राप्रमाणे सीडर नाहीच, जुनिपर आहे. जुन्या परदेशी पेन्सिलीला टोक करताना जो कोरडा गोडसर वास यायचा, तो याचा.

तो जात का नाही

आजीच्या मनगटावरचा वास दुपारपर्यंत टिकायचा, याचं कारण वजनात आहे. वास यायला पदार्थाचे रेणू हवेत उडून नाकापर्यंत पोचावे लागतात. लिंबू-संत्र्याच्या सालीतला मुख्य रेणू लिमोनीन. त्यात कार्बनचे १० अणू, वजन १३६. चंदनातला मुख्य रेणू सँटॅलॉल. त्यात कार्बनचे १५ अणू आणि वर एक ऑक्सिजन, वजन २२०. हलका रेणू पटकन उडतो, जड रेणू त्वचेला धरून बसतो. शाळा सुटल्याची घंटा झाली की पहिलीची पोरं दप्तरं हेलकावत फाटकाबाहेर असतात, आणि दहावीची मंडळी अर्धा तास मैदानावर रेंगाळतात. बाटलीतून अंगावर फवारा मारल्यावर असंच होतं. पहिली दहा-पंधरा मिनिटं लिंबूवर्गीय 'टॉप नोट', मग फुलं आणि मसाले, आणि दोन-तीन तासांनी जे उरतं ती 'बेस नोट'. वुडी वास बहुतेक तिथले रहिवासी.

ते नुसते टिकत नाहीत, दुसऱ्यालाही टिकवतात. कनौजच्या जुन्या पद्धतीत मोगऱ्याची किंवा गुलाबाची वाफ थेट चंदनाच्या तेलात उतरवायचे. फुलाचा उडता वास चंदन धरून ठेवायचं. भट्टीत भाजलेल्या मातीचं अत्तरही असंच, पहिल्या पावसाचा वास चंदनाच्या तेलात बांधलेला. चंदन महागल्यावर बऱ्याच ठिकाणी त्याजागी लिक्विड पॅराफिन आलं. त्यामुळे आज स्वस्त अत्तर हुंगून 'आमच्या आजोबांच्या वेळचं असं नव्हतं' असं कोणी म्हणालं तर त्याचं नाक चुकत नसतं.

माझ्या मते स्वभावाची सगळी गोष्ट इथूनच सुरू होते. हा वास हळू येतो, गाजावाजा करत नाही, आणि बाकीचे गेल्यावरही थांबतो. अशा माणसाला आपण काय म्हणतो? धीराचा, पोक्त, भरवशाचा. वासाच्या चालीवरून आपण त्याला स्वभाव दिला, आणि मग तोच स्वभाव तो लावणाऱ्याच्या नावे केला. आपल्या भाषेने हे मॉलच्या आधी कित्येक शतकं केलंय. 'चंदनासारखी झिजली' हे वाक्य आपण किती जणींबद्दल ऐकलंय! आजी गेल्यावर आमच्याकडे भेटायला आलेल्या निम्म्या लोकांनी तिच्याबद्दल हेच म्हटलं. मला ते तेव्हा बरं वाटलं होतं. आता वाटतं, चंदन मनगटाला पुसताना तिला झिजण्याची आठवण होत नसणार. तिला तो वास आवडायचा. तेवढा एक क्षण ती देवांच्या आणि घराच्या कामातून स्वतःसाठी काढायची.

पुरुषांचा वास

आता त्या मुलाच्या वाक्यातला 'जेन्ट्सचा'. १९२६ मध्ये शनेल या फ्रेंच कंपनीसाठी एर्नेस्ट बो या परफ्यूमकाराने 'बुआ देझील' हा परफ्यूम केला. नावाचा अर्थ 'बेटांवरचं लाकूड', मुख्य वास चंदनाचा, आणि तो बायकांसाठी होता. १९८९ मध्ये गेर्लां या फ्रेंच कंपनीने चंदन आणि जाई-मोगऱ्याच्या जातीची फुलं घेऊन एक मोठा परफ्यूम आणला, तोही बायकांसाठी. त्याचं नाव 'संसारा', आपलाच शब्द. १९९२ मध्ये शिसेडो या जपानी कंपनीसाठी सर्ज ल्युटन्स यांच्या कल्पनेतून आलेला 'फेमिनिते दु बुआ' तर नावातच सांगतो, 'लाकडाचं स्त्रीपण'. त्याच्या मध्यभागी सीडर आहे, तोवर पुरुषांच्या बाटल्यांत शोभणारा मानला जाणारा सीडर. दुसऱ्या बाजूला २००६ मध्ये एर्मेसने वाळा, सीडर, संत्रं आणि मिरी घेऊन पुरुषांसाठी 'तेर देर्मेस' काढला, आणि तो इतका चालला की वाळा म्हणजे ऑफिसला जाणारा पुरुष हे समीकरण पक्कं झालं. लाकूड तेच. बाटलीवरचं लेबल तेवढं बदललं.

आणि आपल्याकडे? लग्नात दारात अत्तरदाणी आणि गुलाबदाणी घेऊन उभं राहायचे, आणि येणाऱ्या पुरुषांच्या हाताला गुलाबाचं, मोगऱ्याचं, केवड्याचं अत्तर लागायचं. कानात अत्तराचा फाया ठेवणारे गृहस्थ कितीतरी जणांनी बघितले असतील, आणि तो फाया बहुतेक वेळा फुलाचा असायचा. कोणाला ते बायकी वाटलं नाही. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीचं उटणं घ्या. त्यात चंदन, वाळा, नागरमोथा, कचोरा. वुडी वासांची यादीच म्हणा ना. ते घरातल्या आजोबांपासून तान्ह्या मुलीपर्यंत सगळ्यांना सारखं चोळलं जातं. त्या दुकानातल्या मुलालाही त्याच्या आईने दर वर्षी चोळलं असेल.

प्रयोगशाळेतलं लाकूड

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. आज दुकानातल्या बहुतेक वुडी परफ्यूममधला मोठा भाग कोणत्याही चंदनातून किंवा देवदारातून आलेला नसतो. चंदनासारखा वास देणारे जॅव्हनॉल, सँडालोर, पॉलिसँटॉल असे रेणू कारखान्यात बनतात, आणि अशा अनेक रेणूंचा कच्चा माल असतो पाइनच्या झाडाचं टर्पेंटाइन. म्हणजे रंगात मिसळायचं टर्पेंटाइन जिथून येतं, तिथूनच हे 'चंदन'ही. मला यात फसवणूक वाटत नाही. उलट रानातलं चंदन वाचवायचं तर हे हवंच आहे. लेबलवर चंदनाच्या खोडाचं चित्र आणि पोटात नावालाही चंदन नाही, हे मात्र मला पटत नाही.

या रेणूंमध्ये सगळ्यांत गाजलेला 'आयसो ई सुपर'. अमेरिकेतल्या आयएफएफ कंपनीच्या संशोधकांनी तो १९७३ मध्ये तयार केला. वास सीडरसारखा, पण इतका पातळ आणि मखमली की तो आहे की नाही असं वाटत राहतं. गेझा शोन या जर्मन परफ्यूमकाराने २००६ मध्ये नुसता तो एकच रेणू बाटलीत भरून 'मॉलिक्यूल ०१' म्हणून विकायला काढला. काही जणांना त्याचा वास जवळजवळ येतच नाही. काहींना येतो, जातो, परत येतो.

हे नाकाच्या दोषामुळे होतं असं समजू नका. माणसाच्या नाकात वासाचे रेणू पकडणाऱ्या ग्राहकांचे, म्हणजे रिसेप्टर्सचे, सुमारे ४०० प्रकार आहेत. त्यांची जनुकं १९९१ मध्ये लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी शोधली, आणि त्यासाठी दोघांना २००४ चं नोबेल मिळालं. ही जनुकं माणसागणिक थोडी थोडी वेगळी असतात. त्यामुळे एकाच बाटलीतला वास दोघांना अक्षरशः वेगळा येतो. एकाला चंदन जाणवतं, दुसऱ्याला त्याच मिश्रणातली मिरी पुढे आलेली दिसते. मग त्या वासावरून तिसऱ्याने चौथ्याचा स्वभाव सांगायचा म्हणजे पायाच हलता झाला.

खोक्यावरचा मजकूर

"तुम्ही शांत आहात, पण ठाम. गर्दीत मिसळता, तरी तुमचं एक वेगळं जग आहे. माणसं जोडायला वेळ लावता, एकदा जोडली की सोडत नाही." वुडी परफ्यूमच्या जाहिरातीत या चालीची वाक्यं असतात. ही वरची मी आत्ता बसल्या बसल्या लिहिली. वाचताना तुम्हाला 'अगदी मीच' वाटलं असेल, तर त्यात तुमची काही चूक नाही. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचं 'खास' वर्णन दिलं. ते किती जुळतं याला शून्य ते पाच गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. मग त्याने सांगितलं की सगळ्यांना एकच मजकूर दिला होता, आणि त्यातली वाक्यं भविष्याच्या एका पुस्तकातून उचलली होती.

खोक्यावरचं स्वभाववर्णन याच जातीचं असतं. शिवाय एक गोष्ट सोयीने विसरली जाते. परफ्यूम माणूस नेहमी स्वतः निवडतो असं कुठे आहे? भाच्याने दुबईहून आणलेला, सेलमध्ये मिळालेला, नवऱ्याच्या कपाटातला हाताला लागलेला, असे कितीतरी असतात. त्यांतून स्वभाव कोणाचा कळणार?

मग संशोधन काय म्हणतं

आधी अंगाच्या स्वतःच्या वासाबद्दल. पोलंडमध्ये आग्नियेश्का सोरोकोव्स्का आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही जणांना सुती टी-शर्ट तीन रात्री घालून झोपायला सांगितलं, साबण-परफ्यूमच्या वासाशिवाय. मग अनोळखी लोकांनी ते टी-शर्ट हुंगून घालणाऱ्याचा स्वभाव सांगितला. बहिर्मुखपणा, चटकन अस्वस्थ होण्याची वृत्ती आणि वर्चस्व गाजवण्याची वृत्ती या तीन बाबतींत अंदाज निव्वळ नशिबापेक्षा थोडे बरे निघाले. थोडेच. पण लक्षात घ्या, हे परफ्यूमशिवाय.

परफ्यूमबद्दल मला सगळ्यांत आवडलेला प्रयोग प्रागमधल्या संशोधकांचा, तोही २०१२ चा. त्यांनी लोकांना एका काखेत स्वतःचा नेहमीचा परफ्यूम लावायला सांगितला आणि दुसऱ्या काखेत संशोधकांनी दिलेला. नंतर काखेतल्या कापसाच्या पट्ट्या दुसऱ्यांना हुंगायला दिल्या. स्वतः निवडलेल्या परफ्यूमचं अंगाच्या वासाशी झालेलं मिश्रण लोकांना जास्त आवडलं. नुसते परफ्यूम समोर ठेवले तेव्हा दोन्हींत असा फरक नव्हता. म्हणजे माणूस नकळत असा वास निवडतो जो त्याच्या त्वचेशी जमतो. 'तुझ्यावर छान वाटतं, मी लावलं की तसं येत नाही' ही मैत्रिणींची तक्रार अगदी खरी आहे. यात निवड आहे, आणि ती खोल आहे. फक्त ती स्वभावापेक्षा शरीराची जास्त आहे.

दुसरा प्रयोग इंग्लंडमधला, २००९ चा. क्रेग रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी काही तरुणांना सुगंधी डिओडरंटचा स्प्रे दिला, काहींना तसाच दिसणारा, पण बिनवासाचा. काही दिवसांत सुगंधवाल्यांचा स्वतःबद्दलचा विश्वास वाढलेला दिसला. पुढे या तरुणांची आवाज नसलेली चित्रफीत मुलींना दाखवली, तेव्हा सुगंधवाले त्यांना जास्त आकर्षक वाटले. चित्रफितीतून वास येत नाही! नुसत्या फोटोत असा फरक दिसला नव्हता. म्हणजे बदल चेहऱ्यात नव्हता, वावरण्यात होता. आवडीचा वास अंगावर आहे म्हणून ते जरा ताठ बसत होते, जरा मोकळे हसत होते.

माझ्या लेखी दुकानातल्या त्या वाक्याचं उत्तर इथे आहे. ते वाक्य म्हणतं, अमुक स्वभाव असेल तर अमुक परफ्यूम शोभतो. प्रत्यक्षात ओघ बराचसा उलटा वाहतो. आवडीचा वास लावल्यावर माणूस थोडा बदलतो, आणि बघणाऱ्याला तो बदल स्वभाव वाटतो.

हुंगणाऱ्याचं काय? तिथे सगळा खेळ आठवणीचा. डोळ्याने पाहिलेलं आणि कानाने ऐकलेलं मेंदूत आधी थॅलॅमस नावाच्या मधल्या भागातून गाळून पुढे जातं. वास मात्र थेट भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांच्या दाराशी जातो. म्हणून नाव आठवायच्या आधी भावना येते. आणि ती भावना शिकलेली असते. विंटरग्रीनच्या वासाचं उदाहरण बघा. मुरगळलेल्या पायाला चोळायच्या मलमात तो असतो, आणि आपल्याला तो वास आला की दुखणं आठवतं. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात लोकांना विचारलं तर त्यांनी तो नावडत्या वासांत घातला, कारण त्यांच्याकडेही तो युद्धकाळातल्या मलमांचा वास होता. अमेरिकेत १९७० च्या दशकात लोकांनी तोच वास आवडत्या वासांत घातला. तिथे तो गोळ्या-चॉकलेटांचा वास आहे. चंदनाचंही तसंच. कोणाला देवघर आठवतं, कोणाला साबणाची वडी, आणि ज्याच्या घरात नुकतंच कोणी गेलंय त्याला उदबत्तीच्या धुरातला तो तेरावा. त्या माणसासमोर तुम्ही चंदन लावून गेलात आणि तो गप्प झाला, तर त्याचा तुमच्या स्वभावाशी संबंध नसतो.

घ्यायचा असेल तर

वुडी परफ्यूम दुकानात पहिल्या मिनिटात निवडू नका, कारण पहिल्या मिनिटात तो आलेलाच नसतो. कागदाच्या पट्टीवर जे येतं ते बरंचसं लिंबू आणि अल्कोहोल. एका मनगटावर एक, दुसऱ्यावर एक, दोनच घ्या आणि बाहेर पडा. चहा प्या, भाजी घ्या, घरी जा. चार तासांनी मनगट हुंगा, तेव्हा जे असेल तेच तुम्ही विकत घेताय. दुकानात नाक 'साफ' करायला कॉफीच्या बिया देतात. त्यांचा साध्या हवेपेक्षा जास्त उपयोग होत नाही असं तपासून पाहिल्यावर आढळलंय. स्वतःचं कोपर हुंगा, तेही चालतं.

आणि थोडाच लावा. आयसो ई सुपरसारखे रेणू लावणाऱ्याच्या नाकाला लवकर सवयीचे होतात. तुम्हाला वाटतं वास गेला, तुम्ही आणखी मारता, आणि लोकलच्या डब्यात शेजारच्या बाईचं डोकं चढतं. आपल्या दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणात, व्हॅनिला आणि अंबरने गोड केलेले ऊद मला गुदमरवतात. वाळा आणि सीडर घामातही कोरडे राहतात. हे माझं मत, तुमच्या त्वचेचं वेगळं असू शकतं. घरातल्या एकाला रोज विचारा, जास्त तर झाला नाही ना. घरचे खरं सांगतात.

त्या दिवशी मी तो जेन्ट्सचा वाळाच घेतला. दुसऱ्या दिवशी लावून ऑफिसला गेले. माझ्या शेजारी बसणारी साताऱ्याची मुलगी म्हणाली, "कुणी माठातलं पाणी आणलंय का गं?" दुपारी आमच्या वरिष्ठ मॅडम टेबलाशी थांबल्या आणि जरा वेळाने म्हणाल्या, "माझे बाबा दाढी झाल्यावर असंच काहीतरी लावायचे." संध्याकाळी लिफ्टमध्ये नागपूरचा सहकारी भेटला. त्याने दोनदा श्वास घेतला, छताकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. "वाळ्याच्या ताट्यांचा वास येऊन राहिला न," तो म्हणाला. "आमच्या घरी आत्ता कूलर लावला असंन."